एक घास कॅमेऱ्यासाठी

रमजानचा सतरावा रोजा आला की मला एका थर्माकोलच्या कमानीची आठवण होते. घरातले लोक बद्रच्या लढाईची आठवण काढतात, मशिदीत बयान होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र सोनेरी रंग मारलेली ती कमान, तिच्यावर लटकवलेले कागदी कंदील आणि खाली हिरवी ओढणी घेऊन उभी असलेली माझी अम्मी येते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. अम्मीला ती माहीत होती, पण अर्धीच. राहिलेली अर्धी आज लिहिते आहे.

माझं माहेर वराळे. तळेगाव दाभाडे स्टेशनापासून जवळ, इंद्रायणीच्या काठचं मावळातलं गाव. आता तिकडे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, पलीकडे एमआयडीसी आहे, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. माझ्या लहानपणी पावसाळ्यात शाळेत जाताना दोन्ही बाजूंनी नुसता भात दिसायचा. मुसलमानांची घरं मोजकीच. अब्बा तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात कामाला होते. अम्मी घर सांभाळायची आणि दोन शेळ्या. घरात आम्ही दखनी बोलायचो, उंबऱ्याबाहेर मावळी मराठी. अम्मीला दोन्ही भाषा सारख्याच यायच्या, आणि दोन्ही स्वयंपाकसुद्धा.

तिच्या हातचा एक पदार्थ आमच्या आळीत प्रसिद्ध होता. अंबाडी गोश्त आणि इंद्रायणीचा भात. अंबाडी घालून मटण दखनी मुसलमानांच्या घराघरांत होतं, त्यात नवल नाही. पण सोबत ज्वारीची भाकरी किंवा मोकळा भात असतो. अम्मी इंद्रायणीचा, जरा जास्त पाणी घातलेला, मऊ चिकट भात करायची. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९८७ साली काढलेला, आंबेमोहराच्या वंशातला हा तांदूळ आमच्या मावळाने असा आपलासा केला की जणू तो पांडवांपासून इथे पिकत असावा. शिजायला लागला की वास गल्लीभर जातो. त्या गोडसर वासाच्या भातावर अंबाडीचा आंबट रस्सा. शेजारच्या काकू श्रावण संपला की दुसऱ्याच दिवशी वाटी घेऊन दारात हजर व्हायच्या.

तेव्हा टीव्हीवर स्वयंपाकाचं पीक आलं होतं. संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ १९९३ पासून आम्ही बघत होतो. २००० साली ई-टीव्ही मराठी सुरू झाली आणि ‘मेजवानी’ घरोघरी गेली. २००७ साली प्रशांत दामले ‘आम्ही सारे खवय्ये’ घेऊन आले आणि साध्या घरच्या बायका पडद्यावर दिसू लागल्या. तोवर सगळं शिकवण्याचं काम होतं. मग २०१० साली ‘मास्टरशेफ’ची हिंदी आवृत्ती आली. इंग्लंडात हा कार्यक्रम १९९० पासून होता. आपल्याकडे पहिल्याच पर्वात लखनौच्या एक शिक्षिका, पंकज भदौरिया, जिंकल्या. मीही शिक्षिका, तळेगावात मराठी शिकवत होते. त्या बाईंनी शाळेची नोकरी सोडून स्पर्धेत उडी घेतली हे वाचलं आणि मला वाटलं, आपल्याला नाही तर नाही, अम्मीला का जमू नये?

स्वयंपाकाने आता घड्याळ बांधलं होतं. मराठी वाहिन्यांवरही छोट्यामोठ्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यातल्या एकीचं नाव मी सांगणार नाही. एक तर ती फार दिवस चालली नाही, आणि दुसरं म्हणजे झाल्या गोष्टीत तिचा दोष किती आणि माझा किती, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

२०१२ सालचा जून महिना. चिंचवडच्या एका हॉलमध्ये प्राथमिक फेरी होती. शे-दीडशे बायका डबे घेऊन रांगेत. मला वाटलं होतं तिथे चुली असतील. तसं काही नव्हतं. घरून करून आणलेला पदार्थ डब्यातून प्लेटमध्ये मांडायचा आणि टेबलावर ठेवायचा. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर अंबाडी गोश्ताच्या वर तुपाचा पांढरा थर धरला होता. अम्मी म्हणाली, “थंड सालन कुणापुढे ठेवायचं म्हणजे पाहुण्याचा अपमान.” परीक्षक म्हणून बसलेल्या बाईंनी अर्धा चमचा खाल्ला आणि त्या खरोखर थांबल्या. आणखी अर्धा चमचा घेतला. “हे काय आहे?” म्हणाल्या. अम्मीने सांगितलं. शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीने मात्र पदार्थाकडे बघितलंच नाही. तिने अर्जावरचं नाव वाचलं, अम्मीच्या डोक्यावरच्या पदराकडे बघितलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिले. मी उलटे वाचले. ‘ईद स्पेशल’.

तीन आठवड्यांनी फोन आला. ईदच्या विशेष भागासाठी आईंची निवड झाली आहे. दोन सुगरणींचा सामना, प्रत्येकीसोबत घरातली एक मदतनीस. “आई बिर्याणी करतील ना? आणि शीरखुर्मा?” मी विचारलं, “अंबाडी गोश्त नाही का चालणार? त्यावरच तर निवड झाली.” ती मुलगी गोड बोलायची. म्हणाली, “ताई, प्रेक्षकांना ईद म्हटलं की बिर्याणी लागते. अंबाडीची भाजी त्यांच्या घरी पण असते ना!” मी म्हटलं, करतील. अम्मीला विचारलंसुद्धा नाही.

आमच्याकडे बिर्याणी म्हणजे लग्नाकार्यात बावर्ची लावतो ती. ईदला घरात पुलाव आणि दालचा. अम्मी ऐकून म्हणाली, “बिर्याणी मला येते. पण माझी नाही ती.” मी म्हटलं, “टीव्हीवर कुणाला कळतंय?” हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी किती वेळा म्हटलं असेल!

चित्रीकरणाची तारीख कळली तेव्हा खरा पेच लक्षात आला. ईद वीस ऑगस्टला. पण ईदचा कार्यक्रम काही ईदच्या दिवशी होत नाही. दिवाळीचा फराळ टीव्हीवाले पितृपक्षात तळतात आणि संक्रांतीचा तिळगूळ मार्गशीर्षात वाटतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमचं चित्रीकरण ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी होतं. सतरावा रोजा.

सहेरी करून, फजरची नमाज पढून आम्ही भाच्याच्या इंडिकातून निघालो. घाटात पाऊस आणि धुकं. अम्मी वाटभर तसबीह ओढत होती. मुंबईत त्या स्टुडिओत पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. पहिला शॉट लागला दुपारी पावणेदोनला.

मधल्या चार तासांत मी पडदा मागून बघितला. सेटवरचं स्वयंपाकघर किती चकचकीत! पण नळाला पाणी नव्हतं. सिंकच्या खाली बादली. ओट्याच्या मागे प्लायवूडची भिंत, भिंतीमागे सिलेंडर, आणि रबरी नळी भोकातून पुढे आणलेली. फ्रिज नुसता उभा होता, त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. पंखे बंद, कारण आवाज येतो आणि गॅसची ज्योत हलते. वर दिव्यांची रांग. दहा मिनिटांत घाम. मागच्या अरुंद खोलीत चार पोरं उकिडवी बसून कांदे कापत होती, बिरिस्ता तळत होती, लसूण सोलत होती, भांडी घासत होती. पडद्यावर जे काचेच्या वाट्यांत नीट मांडलेलं दिसतं, ते सगळं त्या खोलीतून येतं. स्पर्धक स्वतःच्या हाताने कापते ती एक कांद्याची फोड, तीही क्लोज-अपपुरती.

मग कपडे. समन्वयक मुलगी आली. “आई साडीत आल्या? सलवार-कमीज असतं तर...” अम्मीने जन्मात कधी सलवार-कमीज घातलं नव्हतं. आमच्या मावळातल्या सगळ्या बायका, आमच्या आणि त्यांच्या, साडीच नेसतात. बराच खल झाला. अखेर पाचवारी साडीच्या पदरावर कपडेपटातली एक हिरवी, जरीची ओढणी घालायची असं ठरलं. अम्मी आरशात बघून म्हणाली, “पीराच्या मजारीवर चादर चढवल्यासारखी दिसते मी.” मेकअपवाला मुलगा मोठ्याने हसला, आणि तीसुद्धा.

ती समन्वयक मुलगी वाईट नव्हती. उलट तिने सारखं विचारलं, “आई, ज्यूस? चहा?” अम्मीने सांगितलं, रोजा आहे. ती म्हणाली, “माझापण आज श्रावणी सोमवार. पण आमच्यात साबुदाणा चालतो, फळं चालतात. तुमच्यात पाणीपण नाही?” अम्मी म्हणाली, “बेटा, तुला दिवसभर धावायचंय, तू खा.” श्रावण असल्यामुळे निम्मा सेट मटणाला हात लावत नव्हता. कॅमेरामनने सकाळीच सांगून ठेवलं होतं, मी काढीन, पण चाखायला बोलवू नका. आणि अशा दिवशी तिथे ईदची बिर्याणी दमाला लागत होती! आमच्यासमोरची स्पर्धक मुंब्र्याची एक तरुण सून होती. मेकअपच्या खोलीत ती अम्मीच्या कानात म्हणाली, “खाला, मला आज रोजा माफ आहे.” अम्मीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

गोश्त कुठलं, ही अम्मीची एक धास्ती होती. मी विचारायला लाजत होते. तीच मागच्या खोलीच्या दाराशी गेली. भांडी घासणाऱ्यांतला एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उठून उभा राहिला. “अम्मा, मैं खुद लाया हूँ, जोगेश्वरी से. अपने वाले के यहाँ से.” मग हळूच म्हणाला, “आपका भी रोजा है?” त्याचाही होता. त्या कोंदट खोलीत, उकळत्या तेलाच्या वासात, बिनपाण्याचा. जोहरची वेळ झाली तेव्हा त्याने कपडेपटामागची एक जागा झाडून दिली आणि सेटवरचा एक धुतलेला टेबलक्लॉथ अंथरला. अम्मी तिथे नमाज पढली. त्या पूर्ण इमारतीत आमच्यासाठी मुद्दाम न सजवलेली तेवढीच एक जागा होती.

चित्रीकरण सुरू झालं. पडद्यावर पंचेचाळीस मिनिटांचं घड्याळ पळताना दिसतं. तिथे ते दर पाच मिनिटांनी थांबायचं. दिवा हलवायचा, कॅमेरा हलवायचा, सूत्रसंचालकाच्या कपाळावरचा घाम टिपायचा, मग घड्याळ पुन्हा चालू. तेवढ्यात तांदूळ मात्र कुणासाठी थांबत नव्हता. पाणी उकळत होतं आणि माणसं ‘रोलिंग’ म्हणेपर्यंत अम्मीला झाऱ्याला हात लावायचा नव्हता. लांब दाण्याचा बासमती दिला होता. दोन वेळा तो जास्त शिजला आणि दोन्ही वेळा मागून दुसरं पातेलं आलं. “काळजी करू नका आई, बॅकअप आहे.” अम्मी मला म्हणाली, “मग माझी परीक्षा कशाची?”

“आई, आता मीठ चाखा.” दिग्दर्शकाला चाखण्याचा शॉट हवा होता. अम्मी रोज्यात कधीच चाखायची नाही. आमच्या घरी रमजानभर तिचा स्वयंपाक वासावर चालायचा. झाकण काढायची, डोळे मिटून वाफ घ्यायची आणि सांगायची, मीठ कमी आहे, चिमूटभर. गरज पडली तर जिभेच्या टोकावर घेऊन थुंकायला मुभा आहे, पण तिला गरज पडत नसे. तिने चमचा नाकाशी नेला. दिग्दर्शक खूष झाला. “वा! हेच ठेवू.” नंतर परीक्षक म्हणाले, “मीठ अचूक. न चाखता?” तिचं ते एक कौशल्य तेवढं त्या दिवशी खरंखुरं कॅमेऱ्यात आलं.

पण परीक्षकांनी खाल्लं तेव्हा बिर्याणी गार झाली होती. दम फुटल्यापासून तास होऊन गेला होता. आधी प्लेटचे शॉट, वरून, बाजूने, फिरवून. वर चमक यावी म्हणून ब्रशने तेल लावलं. वाफ दिसावी म्हणून मागे कुणीतरी गरम पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा धरला. मग परीक्षकांनी घास घेतला, डोळे मिटले, “मावळातली ईद!” म्हणाले. आवाजात काहीतरी खरखर आली, म्हणून पुन्हा घास, पुन्हा डोळे, पुन्हा मावळातली ईद. मोठमोठ्या स्पर्धांतही असंच चालतं हे मी पुढे वाचलं. जगभरच्या या कार्यक्रमांत काम केलेल्यांनी मुलाखतींतून सांगितलंय की कॅमेऱ्यापुढची प्लेट बहुधा गार झालेली असते, म्हणून परीक्षक आधीच, पदार्थ शिजत असतानाच ओट्यापाशी येऊन चव घेऊन ठेवतात. म्हणजे मोठ्या ठिकाणी निदान चवीला वेगळी वेळ दिली जाते. आमच्याकडे तेवढंही नव्हतं.

निकाल लागला. मुंब्र्याची सून जिंकली. दोघींनाही मिक्सर. व्यासपीठावर दिलेलं खोकं हातात घेतलं तर हलकं. आत काही नव्हतं. मिक्सर महिन्याभराने घरी आला. आम्ही सुटलो असं मला वाटलं. पाच वाजत आले होते.

“एक शेवटचा शॉट. आई मुलीला भरवतील, मुलगी आईला. ईद मुबारक म्हणायचं. कट.”

अम्मी म्हणाली, “रोजा आहे.”

दिग्दर्शक चाळिशीचा गृहस्थ. अजिबात उद्धट नाही. समोर येऊन, हात जोडून म्हणाला, “आई, मला कळतंय. गिळू नका. नुसतं ओठाला लावा. एकच घास, कॅमेऱ्यासाठी. या शॉटवर एपिसोड संपतो, नाहीतर मला शेवटच नाही.” सगळे थांबले. दिवे तापले होते. लोकांना घरी जायचं होतं. मागच्या खोलीच्या दारात तो पोरगा हात पुसत उभा होता, आमच्याकडे बघत.

अम्मी काहीच बोलली नाही. आणि मी म्हटलं, “मी घेते. आई फक्त भरवेल.”

मला कुणी बळजबरी केली नाही, हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे. मी नाही म्हटलं असतं तर फार तर तो गृहस्थ चिडला असता, फार तर आमचा भाग त्यांनी कापला असता. पण माझ्या शाळेत सगळ्यांना सांगून झालं होतं. सासरी सांगून झालं होतं. वराळ्यात तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं की आपल्या गावची सुगरण टीव्हीवर येणार. आणि एवढ्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरायचं माझ्या जिवावर आलं.

अम्मीने घास उचलला. तिच्या हाताने मी लहानपणापासून हजारो घास खाल्ले असतील. हा हात थरथरत होता. तोंडात घेतला, चावल्यासारखं केलं, “ईद मुबारक” म्हटलं, कट झाल्यावर कागदात थुंकले, चूळ भरली. “आई हसल्या नाहीत. परत.” दुसरा घास. पुन्हा थुंकले. “ताई, तुम्ही तोंडात धरून ठेवलंय ते दिसतंय. जरा नीट खाल्ल्यासारखं. आई, हसा.” तिसरा. अम्मी हसली. कसं हसली ते मी सांगू शकत नाही, पण पडद्यावर ते अगदी ईदसारखं दिसलं. आणि तो घास माझ्या घशाखाली गेला.

निघताना बिर्याणीची दोन मोठी पातेली तशीच भरलेली होती. श्रावणामुळे खाणारे कमी. मागच्या खोलीतली पोरं ती डब्यांत भरत होती. तो पोरगा अम्मीला म्हणाला, “अम्मा, आज हमारी इफ्तारी आपके हाथ की.” दिवसभरात पहिल्यांदा अम्मीचा चेहरा उजळला. तिने परत आत जाऊन शीरखुर्मा स्वतः त्यांच्या डब्यात ओतला, वर राहिलेला सुका मेवाही घातला. तिच्या हातचं जेवण त्या दिवशी गरम करून, भुकेने, पूर्ण पोट कुणी खाल्लं असेल तर ते त्या पोरांनी. टीव्हीत ती कुठेच दिसली नाहीत.

परतीच्या वाटेवर खालापूरच्या फूड मॉलवर सात वाजता थांबलो. अम्मीने पिशवीतून खजूर काढले. भाच्याला दिला, स्वतः घेतला, आणि तिसरा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

“निगली क्या तू, के खुद गया?”

गिळलंस की आपोआप गेलं? प्रश्न साधा होता आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक होता. जाणूनबुजून गिळणं म्हणजे रोजा मोडणं. त्याचा हिशेब फार मोठा. चुकून घशाखाली उतरलं तर त्याबदली एक रोजा ठेवायचा, कझा.

मी म्हटलं, “गया.”

“तो कझा,” ती म्हणाली आणि खजूर माझ्या हातावर ठेवला.

ईदच्या दिवशी दुपारी आमच्या घरात आळी लोटली होती. आमचे लोक, शेजारच्या काकू, त्यांच्या सुना, पोरं. टीव्हीवर कमान आली, कंदील आले, हिरवी ओढणी घेतलेली अम्मी आली. तीन-साडेतीन तास चाललेलं काम बावीस मिनिटांत संपलं. काकू म्हणाल्या, “अगं, पण तू अंबाडीचं नाही केलंस?” त्या गर्दीत हा प्रश्न त्यांनी एकट्यांनीच विचारला. अम्मी म्हणाली, “ती माझ्या घरची. तिकडे कशाला न्यायची?” मग शेवटचा शॉट आला. अम्मी हसत मला भरवते आहे, मी खाते आहे, ईद मुबारक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. एपिसोडमधला सर्वांत गोड क्षण तो हाच, असं पुढे कितीतरी लोकांनी मला सांगितलं.

त्यानंतर मी या स्पर्धा वेगळ्या नजरेने बघू लागले. २०१५ साली ‘मास्टरशेफ इंडिया’चं चौथं पर्व संपूर्ण शाकाहारी केलं गेलं. देशातली किती घरं त्या एका निर्णयाने ओट्यापाशी पोहोचण्याआधीच बाहेर राहिली असतील! त्याच वर्षी इंग्लंडात नादिया हुसेन ‘बेक ऑफ’ जिंकली. डोक्याला हिजाब, आईवडील बांगलादेशातून आलेले. अंतिम फेरी सुमारे दीड कोटी लोकांनी पाहिली. तिला लग्नात केक मिळाला नव्हता, म्हणून तिने अंतिम फेरीत स्वतःच्या लग्नाचा केक केला आणि त्यावर स्वतःचे लग्नातले दागिने मांडले. मला हेवा वाटला. कॅमेरा तोच, तंबूही सजवलेलाच. पण गोष्ट तिची होती, तिने मांडलेली. २०२३ साली मंगळूरचा मोहम्मद आशिक, सरबताचं दुकान चालवणारा मुलगा, ‘मास्टरशेफ इंडिया’ जिंकला. आदल्या पर्वात तो बाहेर पडला होता. मी ते बघताना त्याच्या ताटांपेक्षा त्याच्या मागे बघत होते. प्लायवूडच्या पलीकडे आज कोण कांदे कापतंय? त्यातलं कोण रोज्याने आहे?

वाहिनीवाल्यांना आमची चव नको होती असं मी म्हणणार नाही. त्यांना चवीआधी गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी अर्जावरचं नाव वाचूनच लिहून ठेवली होती. आपण फक्त तिच्यात उभं राहायचं. हे त्यांचं काम झालं. पण त्या गोष्टीला नको तिथे हो म्हणायचं काम माझं मी केलं. बिर्याणीला हो म्हटलं, ओढणीला हो म्हटलं, आणि एकदा हो म्हणायची सवय लागली की घासापर्यंत यायला वेळ लागत नाही.

त्या वर्षी ईदनंतर चौथ्या दिवशी मी माहेरी मुक्कामाला होते. पहाटे अम्मीने हलवून उठवलं. “ऊठ. तुझा एक राहिलाय.” चुलीवर भात शिजत होता, इंद्रायणीचा, आणि आदल्या रात्रीचं अंबाडी गोश्त तिने गरम केलं होतं. दोन ताटं वाढलेली. मी म्हटलं, “कझा माझी आहे. तू का ठेवतेस?”

ती म्हणाली, “भरवणारा हात माझा होता.”

आम्ही दोघींनी गरम भात खाल्ला. बाहेर पाऊस पडत होता. तेव्हा सांगावं असं फार वाटलं. पण नियत करण्याची वेळ झाली आणि राहून गेलं.

अम्मी २०१९ साली गेली. मिक्सर अजून चालतो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. जे तिला खालापूरला सांगायचं होतं ते इथे लिहिते. दिग्दर्शक “नीट खाल्ल्यासारखं” म्हणाला, तेव्हा मी एक क्षण थांबले होते. घास तोंडात होता, अम्मीचं बोट अजून माझ्या ओठाला लागलेलं होतं, आणि मला ठाऊक होतं की गिळलं की हा शॉट होईल, सुटका होईल, तिला चौथ्यांदा हसावं लागणार नाही.

अम्मी, गेलं नव्हतं. मी गिळलं होतं.